गाडेकर सरांचा अडकलेला उजेड

गाडेकर सरांच्या घरी चहा मिळायचा, पण त्याआधी श्वास सोडावा लागायचा.

मी अलंकारिक बोलत नाहीये. दारात चपला काढून तुम्ही आत पाऊल टाकलंत, की सर आतल्या खोलीतून पोस्टकार्डाएवढी काच घेऊन यायचे. काचेवर काहीतरी पातळ, ओलसर, रंगाच्या दुकानासारख्या वासाचं पसरलेलं. ती काच तुमच्या हनुवटीपाशी धरून ते म्हणायचे, "सोडा. हळू. फुंकर नको, श्वास. आत ओढू नका, नुसता सोडा." माणूस आलेला असायचा लग्नाची पत्रिका द्यायला. तो बिचारा 'हाऽऽ' करायचा. काचेवर पांढुरका थर धरायचा. मग सर ती काच दिव्यासमोर तिरकी करून, डोळे बारीक करून बघायचे आणि पाहुण्याच्या तोंडावर निकाल द्यायचे.

आमच्या प्राचार्यांना त्यांनी सांगितलं, "तुमचा श्वास तुटक आहे. एकही थेंब दुसऱ्याशेजारी नीट बसला नाही." भजनी मंडळाच्या बुवांना म्हणाले, "दम चांगला आहे, पण तंबाखू सोडल्याशिवाय तुमचा विज्ञानाला उपयोग नाही." आणि मला? मी त्यांचा शेजारी, त्यांच्याच कॉलेजात इतिहास शिकवणारा, गॅदरिंगला माइक हातातून न सोडणारा. माझी काच त्यांनी फार वेळ पाहिली. मला वाटलं, आता काही भलतंच कौतुक ऐकायला मिळणार. सर म्हणाले, "वाळुंज, तुमचा श्वास नाटकी आहे. सुरुवात जोरात, शेवटी काहीच नाही."

त्यानंतर मी महिनाभर त्यांच्याकडे लसणाची चटणी खाऊनच जात होतो.

आमचं गाव अकोले. पावसाळ्यात इथं ढग येतो तो पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. भिंती घामेजतात, धुतलेले कपडे चार खोल्यांतून फिरतात आणि वाळत नाहीत, माणसांची तोंडंही तशीच ओलसर, सुतकी होऊन जातात. सरांना मात्र ही हवा म्हणजे वरदान वाटायची. ते मूळचे पाथर्डीकडचे. "आमच्याकडं हवेत पाणी कुठलं?" ते म्हणायचे. "पाणी विहिरीतच न्हाई, तर हवेत कुठनं येणार?" आईबाप ऊसतोडीला जायचे, सर पाचटाच्या कोपीत, झोपडीत, चिमणीच्या उजेडात शिकले. एकदा सत्कारात कुणीतरी यावर गळा काढून बोलायला लागलं, तर सरांनी मध्येच थांबवलं. "चिमणीचा उजेड कमी नव्हता. धूर जास्त होता. उजेड किती होता त्याचं माप तुमच्याकडं आहे का?"

माप. हा त्यांचा खास शब्द. उकडतंय म्हणालात, तर "किती?" आमटी खारट झाली म्हणालात, तर "कशापेक्षा?" एकदा आम्ही दोघं एका सहकाऱ्याकडे मयत झालं म्हणून भेटायला गेलो. मुलगा रडत म्हणाला, "सर, फार दुःख झालंय." सरांच्या ओठांवर आलेला 'फार म्हणजे?' मला दिसला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. ते कळवळले, आणि घरातल्या बायकांना वाटलं की बघा, परका माणूस पण किती कळवळतोय.

तर अशा माणसानं गावाचे श्वास काचेवर का गोळा करावेत? ते त्यांनी मला स्टाफरूममध्ये एकदा समजावून सांगितलं. मी इतिहासवाला, म्हणजे त्यांच्या लेखी बिनमापाचा माणूस. म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं, आणि मीही तुम्हाला तसंच सांगतो.

"हा एलईडी दिवा बघा," सर म्हणाले. "ह्याच्या पोटात जेवढा उजेड तयार होतो, त्यातला बराचसा बाहेर येतच नाही."

"मग जातो कुठं?"

"कुठंच न्हाई. आतल्या आत आपटतो. अडकतो. मरतो."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की समोरची मॅडम चहाचा कप ठेवून बघायला लागली.

"तुम्ही विहिरीत बुडी मारलीय का कधी? बुडून वर तिरकं बघायचं. आकाश दिसत न्हाई. पाण्याची पाठ आरशासारखी दिसते, विहिरीचाच तळ परत दाखवते. दिव्यात तेच होतं. वरचा थर गुळगुळीत आहे ना, उजेड जरा तिरका आला की आरशावर आपटल्यासारखा परत आत. आता त्या थरावर चिकटवायची एक पारदर्शक फिल्म, आणि फिल्मवर बारीक बारीक फोड. घामोळ्यासारखे. एका केसाच्या जाडीत कितीतरी बसतील इतके बारीक. मग तिरक्या उजेडालासुद्धा कुठं ना कुठं सरळ वाट मिळते. शिंगणापूरसारखं! घरं हायेत, दारं न्हाईत. जा बाहेर!"

सर रंगात आले की पाथर्डीत जायचे, हे लक्षात घ्या.

ते घामोळं बनवायला मोठ्या प्रयोगशाळांत मोठी यंत्रं असतात. आमच्या कॉलेजात दारं नीट लागत नाहीत. म्हणून सरांनी श्वासाची वाट धरली. थर्माकोल एका द्रावकात विरघळवायचा, काचेवर पसरायचा आणि त्यावर दमट हवा सोडायची. द्रावक उडून जाताना काच गार पडते, हवेतलं पाणी थेंब थेंब होऊन त्यावर बसतं. आणि गंमत अशी, की हवा एकसारखी असली तर ते थेंब शहाण्या मुलांसारखे रांगेत बसतात. सगळं वाळलं की थेंब जातात, त्यांचे खळगे राहतात. त्या खळग्यांवर पारदर्शक रबर ओतायचं, सुकलं की सोलायचं. खळग्याच्या जागी फोड. झाली फिल्म. मी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहिलं, तर आत अक्षरशः मधमाश्यांचं मोहोळ होतं. मी म्हणालो, "सर, सुंदर!" सर म्हणाले, "कशापेक्षा?"

इथपर्यंत सगळी मजा आहे. आता मजा थोडी बाजूला ठेवावी लागेल.

सरांच्या पत्नी मालनवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पहिलीचा वर्ग घ्यायच्या. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी अक्षर ओळखायला शिकवलंय. संध्याकाळी दिवेलागणीला त्या खुर्चीत बसून सरांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायच्या. सर जमिनीवर मांडी घालून काचा पुसत ऐकायचे आणि मध्ये मध्ये पेपराची चूक काढायचे. आमच्या दोन्ही घरांच्या ओट्यांमध्ये एक गुडघाभर भिंत. त्यामुळे मीही फुकटात ऐकायचो. पेपर बंद केला मी त्या काळात.

वहिनी निवृत्त झाल्या आणि भिंतींना खांदे घासायला लागल्या. उंबऱ्याला अडखळायच्या. ताटातली कोशिंबीर त्यांना दिसायची नाही, ताटाच्या मधली भाजी दिसायची. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून विझत चाललाय, थांबवता येत नाही. सरांनी डॉक्टरांनाही माप विचारलं. डॉक्टर भला माणूस, त्यानं माप दाखवलं. कागदावर एक गोल, कडेनं सगळा काळा, मध्ये एक पांढरा ठिपका. "एवढं शिल्लक आहे," तो म्हणाला. परतीच्या एसटीत सर तो कागद उघडून बघत बसले होते म्हणे. आणि त्या आठवड्यातच आमच्या गल्लीत श्वास मागणं सुरू झालं.

त्यांचा हिशेब साधा होता. राहिलेल्या ठिपक्याला उजेड भरपूर पाहिजे, पण डोळ्यात घुसणारा नको, पसरलेला, मऊ पाहिजे. मोठा दिवा लावला तर वहिनींना तिरीप सहन व्हायची नाही. म्हणून त्याच दिव्यातला अडकलेला उजेड बाहेर काढायचा आणि पसरवायचा. म्हणजे वहिनींना पेपर वाचता येईल. बस्स. त्यांना शोधनिबंध लिहायचा नव्हता, पेटंट घ्यायचं नव्हतं. त्यांना संध्याकाळचा पेपर ऐकायचा होता.

एका सुट्टीच्या दिवशी ते मला भंडारदऱ्याला घेऊन गेले. कारण तिथलं धुकं. "श्वासात माणसाचा स्वभाव येतो," सर म्हणाले. "धुक्याला स्वभाव नसतो." धरणाच्या बाजूला पर्यटक एकमेकांचे फोटो काढत होते, आणि आमचे सर कठड्यावर ओळीनं काचा मांडून स्टीलच्या डब्यातलं द्रावण ओतत होते. कणसं भाजणारी एक म्हातारी शेगडी सोडून आली.

"काय इकायला आणलंय ओ, भाऊ?"

"विकायला न्हाई, आजी. धुकं धरायला आणलंय."

"धुकं? आन् धरून काय करता?"

"दिवा."

म्हातारी माझ्याकडं वळली, पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "ह्यो येडा हाय का?"

मी म्हणालो, "प्राध्यापक आहेत."

"मंग व्हय," ती म्हणाली, समाधान झाल्यासारखी.

सरांनी तिच्यापुढंही काच धरली. "आजी, हिच्यावर एक श्वास सोडा." ती दोन पावलं मागं सरली. "मी न्हाई बाई! परक्या गड्याच्या काचंवर मी कशापायी श्वास टाकू? आमचं म्हातारं बगतंय तिकडनं." तिकडं खरंच एक म्हातारा छत्री धरून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही बरं दिसत नव्हतं. आम्ही दोन कणसं घेऊन प्रकरण मिटवलं.

धुकं धरलं, पण बसलं नाही. कुठं मोठा थेंब, कुठं बारका, सगळी जत्रा. परत येताना घाटात सर स्कूटरवर मागं बसून एकदम म्हणाले, "वाळुंज, घाई आहे."

"कसली?"

"तिला बारीक अक्षर दिसत न्हाई आता. मथळे दिसतात अजून. तेवढ्यात व्हायला पाहिजे."

मी काहीतरी विनोद करणार होतो. केला नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

घरी पोचलो तर वहिनी दारात उभ्या. सरांच्या हातातला डबा त्यांनी आवाजावरून ओळखला. "गावभर फिरलात, धरणावर जाऊन आलात," त्या म्हणाल्या, "घरातल्या माणसाला विचारलंत का कधी?" आणि त्यांनी स्वतःच हात पुढं केला. सरांनी काच धरली. वहिनींनी श्वास सोडला. हळू, लांब, न थरथरता, संपतोय असं वाटेपर्यंत आणि त्यानंतरही थोडा.

दुसऱ्या दिवशी सर मला कॉलेजात जवळजवळ ओढत सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेले. मी असं मोहोळ आधी पाहिलं नव्हतं. एक घर वाकडं नव्हतं. "एकसारखे!" सर म्हणाले. "कडेपर्यंत एकसारखे!"

वहिनींना मी विचारलं, हे कसं काय? त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, पहिलीच्या पोरांना बाराखडी म्हणून दाखवायची तर श्वास पुरवून वापरायला लागतो. मध्येच संपला तर पोरं पण तिथंच थांबतात."

त्यानंतर आमची सुटका झाली. गावाला श्वास सोडावा लागेना. सर वहिनींच्याच श्वासाच्या फिल्म बनवायला लागले. वहिनींच्या खुर्चीच्या वरचा दिवा दर आठवड्याला बदलायचा. सर एका हातात उजेड मोजायचं मीटर धरून विचारायचे, "मागच्यापेक्षा?" आणि वहिनी म्हणायच्या, "जरा बरा." मीटरही तेच म्हणायचं. दोघांचं एकमत पाहून मला फार बरं वाटायचं. संध्याकाळी भिंतीपलीकडून पुन्हा पेपर ऐकू यायला लागला. आवाज तसाच खणखणीत. मथळेच काय, आतल्या बातम्यासुद्धा.

पण काही दिवसांनी सर मापासाठी दार-खिडक्या लावून घ्यायला लागले, माझा फुकटचा पेपर बंद झाला, आणि सर कॉलेजात विचित्र वागायला लागले. जो माणूस मापाशिवाय 'आज बुधवार आहे' असंही म्हणत नव्हता, तो स्टाफरूममध्ये येऊन सांगायला लागला, "ऐकलंत का, पुणतांब्याला घाटावर एक बगळा रोज कीर्तनाला येऊन बसतो. बुवा बदलला की उठून जातो." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी, "राजूरच्या बाजारात दोन बैल रात्रीतून एकमेकांच्या मालकाकडं गेले. आपापल्या पायानं. दोन्ही मालकांना पटलंय." मग म्हणे कुठल्याशा बसस्टँडवर एका म्हातारीनं पोलिसांत तक्रार दिली की माझा मुलगा हरवला, मी कुठंच हरवलेली नाही. "पेपरात आहे," सर ठासून सांगायचे. किराणा दुकानात, बँकेत, सलूनमध्ये, सगळीकडे सांगायचे. लोक त्यांना थांबवून विचारायला लागले, "सर, आज काय विशेष?" आणि मागं वळून डोक्याशी बोट फिरवायला लागले. प्राचार्य मला म्हणाले, "वाळुंज, तुमचे शेजारी निवृत्तीआधीच निवृत्त झाले की काय?"

मला राहवेना. मी वाचनालयातून पेपर आणला, शेवटच्या पानापर्यंत चाळला आणि संध्याकाळी सरांना गाठलं. ते ओट्यावर एकटे होते.

"सर, बगळा कुठं छापलाय?"

सरांनी हातातली काच पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, "छापलेला न्हाई."

"मग?"

"तुलना करायची असते ना प्रयोगात, वाळुंज. म्हणून एकदा मी दिव्याला फिल्म न लावताच चालू केला. साधा, बाजारातला दिवा. तिला सांगितलं न्हाई. ती म्हणाली, अहो, आजचा सगळ्यांत लख्ख." त्यांनी हातातलं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. "मग एक दिवस दिवा लावलाच न्हाई. नुसतं बटण वाजवलं. तरी तिनं पेपर उघडला आणि बगळा वाचून दाखवला."

वाचनालयातून आणलेला पेपर मी पाठीमागं सरकवला.

"चांगला होता बगळा," सर म्हणाले. "मी म्हटलं, पुढं? तर तिनं पुढचंही वाचलं."

"पण सर, तुम्ही गावभर कशाला सांगत फिरता? लोक हसतात."

"अहो, ती बाजारात जाते. देवळात जाते. तिथं ती कुणाला म्हणाली, ती बगळ्याची बातमी वाचली का, आणि समोरचा म्हणाला, कुठली हो बाई? तर? तिला कळेल ना, की लोकांना कळलं. आता कुणीही म्हणतं, हो हो, सर सांगत होते."

मी इतकी वर्षं इतिहास शिकवतो. इतिहास असा तयार होतो हे मला त्या ओट्यावर कळलं. दुसऱ्या दिवसापासून मीही बगळ्याला हातभार लावला. माझ्या तोंडी तो बगळा शेवटी टाळ वाजवायला लागला होता, तेव्हा सरांनी मला बोलावून समज दिली. "बातमीत भर घालू न्हाई. तिनं जेवढं वाचलं तेवढंच."

"मग फिल्म कशाला बनवताय अजून?" मी विचारलं होतं त्यांना.

"मीटर वाढतंय," ते म्हणाले. त्यावर विचारण्यासारखं काही नव्हतं.

आणि थंडीत एका संध्याकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. नवीन दिवा होता, ताकदीचा, आणि त्यावर वहिनींच्या श्वासाची आजवरची सगळ्यांत मोठी फिल्म. सरांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या, दार लावलं, घरातले बाकीचे सगळे दिवे बंद केले. बाहेरचा उजेड आत आला तर माप चुकतं, हा त्यांचा नियम. मग बटण दाबलं.

खरं सांगतो, असा उजेड मी पाहिला नव्हता. डोळ्याला कुठंच टोचत नव्हता आणि कोपऱ्यातल्या बरणीवरचं लेबलसुद्धा वाचता येत होतं. सरांनी मीटर माझ्यापुढं धरलं. वहिनींनी पेपर उघडला, गुडघ्यावर सरळ केला आणि वाचायला सुरुवात केली. "देवळाली, वार्ताहराकडून. येथील एका मोराने..."

मोर मोठा नामी होता. त्यानं कुणाच्या तरी लग्नात नवऱ्या मुलाआधी प्रवेश केला होता आणि करवलीनं त्यालाच ओवाळलं होतं. मी तोंड दाबून हसत होतो. सर मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होते. आणि त्याच वेळी, काही आवाज न करता, दिवा गेला.

शेजारपाजारची वीज होती, लांबून कुणाच्या तरी टीव्हीचं हसणं ऐकू येत होतं. गेला होता तो फक्त आमचा दिवा. सरांनी त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज दिली असणार. आता खोलीत इतका काळोख होता, की मला माझा हात दिसेना.

वहिनी वाचत होत्या. "...वरपक्षाने मोरालाही आहेर केला असून..."

मी सरांच्या दिशेनं पाहिलं, म्हणजे ते जिथं असावेत तिथं पाहिलं. ते उठले नाहीत. मला समजलं. ट्यूबलाइट लावायची तर बटण वाजलं असतं, आणि वहिनींना कळलं असतं की इतका वेळ त्या अंधारात वाचत होत्या आणि आम्ही ते जाणून ऐकत होतो. मी श्वास धरून बसलो, ज्याच्या शेवटी काहीच नसतं म्हणतात तो माझा श्वास. अंधारातून सरांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "मग पुढं?"

वहिनींनी मोराला जेवू घातलं, मानानं त्याची पाठवणी केली आणि पेपराची घडी घातली. घडीचा आवाज आम्ही ऐकला. मग त्या म्हणाल्या, "अहो."

"हं."

"आता लावा की ट्यूब. भाऊजी जाताना ठेचकाळतील. केव्हाचा जळका वास येतोय."

मग धडपडीचा आवाज झाला. सर उठायला गेले आणि काचांच्या टोपलीवर पडले. मी त्यांना धरायला गेलो तो माझं कपाळ खुर्चीच्या हातावर. दोन चांगल्या डोळ्यांची दोन माणसं त्या खोलीत आंधळ्यासारखी चाचपडत होती. "बसा, बसा दोघं आहात तिथं," वहिनी म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या, आमच्यामधून न अडखळता सरळ गेल्या आणि भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब फडफडली आणि लागली.

सर जमिनीवर बसले होते. तळहाताला काच लागली होती. जळून तपकिरी झालेली फिल्म दिव्यावर चुरगळून गेली होती. ते तिच्याकडं बघत होते, वहिनींकडं बघत नव्हते. वहिनी अंदाजानं त्यांच्याशेजारी खाली बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बोटानं काच शोधायला लागल्या.

"कधीपासून माहिती तुला?" सरांनी विचारलं.

"काय?"

"मला माहिती आहे, हे."

"तुम्ही बगळ्याची चूक काढली नाहीत तेव्हा," वहिनी म्हणाल्या. "पेपराची चूक काढल्याशिवाय तुम्ही कधी राहिलात?"

मी जायला उठलो. पण दार माझ्याजवळ नव्हतं, आणि त्यांना ओलांडून जाववेना. सरांनी दुसऱ्या हातानं पेपर ओढून घेतला. "आण. आजपासून मी वाचतो." चष्मा लावला, घसा साफ केला आणि वर्गात शिकवतात त्या आवाजात वाचायला लागले. "नळपाणी योजनेच्या दुरुस्तीला मुहूर्त मिळेना. कांद्याच्या आवकेत घट. पतसंस्थेची वार्षिक सभा खेळीमेळीत."

वहिनी थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहीतरीच. हे असं कुठं छापतात का? बनवून सांगताय तुम्ही."

सरांनी पेपर खाली केला. माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. सरांनी पान उलटलं. त्या पानावर नुसत्या निविदा होत्या, मला दिसत होत्या. ते बराच वेळ त्या निविदांकडं बघत राहिले. ज्या माणसानं जन्मात मापाशिवाय एक वाक्य उच्चारलं नव्हतं, तो कपाळावर घाम आणून, अडखळत, शब्द शोधत वाचायला लागला.

"अकोले. वार्ताहराकडून. येथील एका प्राध्यापकाच्या घरी काल... आज सायंकाळी एक दिवा जळाला."

"अरे देवा. मग?"

"सुदैवानं हानी न्हाई. घरात दोन इसम अंधारात अडकून पडले होते." सर थांबले. "त्यांना बाहेर निघता येत नव्हतं. बऱ्याच वर्षांपासून. म्हणजे, बराच वेळ. प्राध्यापकाच्या पत्नीनं प्रसंगावधान राखून दोघांनाही सुखरूप बाहेर काढलं."

वहिनींना काच सापडली होती. ती त्यांनी चिमटीत धरून बाजूला ठेवली आणि पदराचं टोक सरांच्या तळहातावर दाबून धरलं.

"त्या इसमांची नावं दिली आहेत का?" त्यांनी विचारलं.

सरांनी पेपर डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, नीट पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "न्हाई. नावं अद्याप समजू शकलेली नाहीत."